न मोजलेलं बटण

सोलापूर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय यशपाल,
सप्रेम जयभीम.

धम्मचक्र दिनानंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. कारणं शोधली तर सापडतील. कॉलेजच्या ग्रंथालयात तपासणी होती, आण्णांचा खोकला होता. पण खरं कारण ते नाही. लिहायला बसले की तुला काय वाचायचं आहे ते मला माहीत असतं, आणि ते माझ्याजवळ नसतं. मग मी हवापाणी लिहिते, वाचून बघते आणि फाडून टाकते.

फोन का करत नाहीस, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. फोन वाजला आणि मी "बोल यशपाल" म्हणाले की आण्णा पायात चप्पल सरकवून बाहेर जातात. फोन ठेवल्याशिवाय आत येत नाहीत. शहात्तर वर्षांच्या बापाला थंडीत बाहेर उभं करून तुझ्याशी बोलायचं मला जमत नाही. मोबाइलवर दोन ओळी लिहाव्यात तर त्या दोन ओळींत सगळं ठीकच वाटतं. म्हणून कागद.

आज लिहायला निमित्त आहे. तू गच्चीवर बसवलेल्या सोलरचा इन्व्हर्टर त्रास देतो आहे. संध्याकाळी घर बॅटरीवर गेलं की मध्येच सगळं बंद पडतं. लाल दिवा लागतो, पीं पीं वाजतं, पडद्यावर "शॉर्ट सर्किट" अशी अक्षरं येतात. मी मागच्या बोळात जाऊन बटण दाबते, थोडं थांबून पुन्हा दाबते, घर उजळतं. रोज होत नाही. पण आठवड्यात चार-पाच वेळा होतंच.

कोपऱ्यावरच्या दुकानातला सिद्धू बघून गेला. म्हणाला, "मॅडम, मशीन म्हातारं झालं. बदलून टाका." मला ते पटलंही होतं. आण्णा आतून म्हणाले, "म्हातारं झालं म्हून बदलत्यात व्हय? मग मला पण बदला की." सिद्धू हसत गेला. पण नंतर जेवताना आण्णा पुन्हा म्हणाले, "त्या मशिनीला हात लावायचा न्हाय." मी म्हटलं, बंद पडतंय ना. तर म्हणाले, "पडूं दे. लागतंय न्हवं परत?"

काय करू, ते कळव. शेंगाची चटणी पार्सलने वेगळी पाठवते आहे.

तुझी,
अक्का


सोलर पार्क, राजस्थान
२ डिसेंबर

प्रिय अक्का,
जयभीम.

माफी कसली मागतेस. इकडे आठवड्यातून एकदा गावातून गाडी टपाल घेऊन येते, आणि तुझं पाकीट नसलं तर मी दुसऱ्यांची पाकिटं वाटत फिरतो. एवढंच.

आता मशीनचं. तू बटण दाबून दाबून इन्व्हर्टर मारणार आहेस. रागावू नकोस. शॉर्ट आणि ओव्हरलोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त भार टाकला, म्हणजे गिझर आणि इस्त्री एकदम लावली, तर मशीन थोडा वेळ सोसतं, कुरकुरतं, मग बंद पडतं. शॉर्टमध्ये सोसणं नाही. जाणारी तार आणि येणारी तार मध्येच कुठेतरी एकमेकींना चिकटतात, करंट दिव्यापर्यंत जातच नाही, वाटेतूनच परत उसळतो. मशीनला ते डोळ्याची पापणी लवायच्या आत कळतं आणि ते स्वतःला बंद करून घेतं. ते बिघडलेलं नाही, अक्का. ते शहाणं आहे म्हणून बंद पडतंय.

तू रीसेट करतेस म्हणजे त्याला म्हणतेस, "काही झालं नाही, चालू हो." ते बिचारं विश्वास ठेवतं. शॉर्ट तसाच असेल तर पुन्हा तो झटका खातं. असे किती खाईल? तू पुस्तकाची फाटलेली पानं न बघता "परत आले" असा शिक्का मारशील का?

तर असं कर. मशीन बंद. घरातली सगळी बटणं बंद, प्लग काढलेले. पाच मिनिटं थांब. मशीन चालू कर. ठीक राहिलं तर एकेक बटण चालू करत जा, प्रत्येकाला थोडा वेळ दे. ज्या बटणाला घर अंधारेल, तिथं दोष.

आणि जे दिसेल तेच लिही. अंदाज नको. तुझ्या अंदाजावर मी दोन वर्षांपूर्वी सोलापूरपर्यंत येऊन गेलोय. तू लिहिलं होतंस, "आण्णा निवळलेत वाटतं." मी फाटकात उभा राहिलो आणि आण्णा माझ्या शेजारून विहारात निघून गेले, ते माझी गाडी सुटेपर्यंत तिथंच बसले. तुझा राग नाही. पण पुन्हा नको.

चटणी आली. उत्तरेकडची पोरं भातावर टाकून खातात. मी भाकरीची आठवण काढत खातो.

तुझा,
यशपाल


सोलापूर
मंगळवार, १० डिसेंबर

प्रिय यशपाल,

तू लिहिलंस ते वाचून मी वही बंद करून बसले. "निवळलेत वाटतं" यातला "वाटतं" हा शब्द माझा होता, आण्णांचा नव्हता. तेव्हाही तो माझ्या लक्षात आला होता आणि तरी मी पाकीट चिकटवलं. म्हणून या पत्रात फक्त पाहिलेलं लिहिते.

रविवारी सकाळी तू सांगितलंस तसं केलं. सगळं बंद करून एकेक बटण. स्वयंपाकघर, मधली खोली, माझी खोली, मोरी, मागचा बोळ, बुद्धाच्या फोटोवरची लहान बत्ती. पंखे, फ्रिज, मिक्सर. पुढच्या, आण्णांच्या खोलीत गेले तेव्हा ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "परीक्षा घेतीस व्हय घराची?" मी म्हटलं, तुमच्या खोलीची राहिली आहे. तर म्हणाले, "दिवा एक, पंखा एक. दोन्ही पास हायती. लिव तुझ्या वहीत." मी दोन्ही लावून बघितले. खरंच पास.

म्हणजे घरात दोष नाही. मला वाटलं, सुटलो.

काल संध्याकाळी मी मागे भाकरी करत होते. वारा सुटला होता, पत्रे वाजत होते. भाकरी तव्यावर असतानाच घर अंधारलं. पुढच्या खोलीतून आण्णांचा आवाज आला, "गेली गं लाईट." अगदी शांत. जणू पाऊस थांबल्याचं सांगतात. मी टॉर्च घेऊन बोळात गेले, सगळी बटणं बंद केली, थांबले, मशीन चालू केलं. लागलं. मग एकेक बटण लावत गेले. सगळं नीट.

एक गोष्ट पाहिली ती लिहिते, तिचा अर्थ मला माहीत नाही. लाईट आली तेव्हा आण्णा दाराशी, खुर्चीवर, बाहेर तोंड करून बसले होते. दुपारी ऊन असताना ते दाराशी बसत नाहीत. थंडीत बसतात.

तुझी,
अक्का


सोलर पार्क
१७ डिसेंबर

प्रिय अक्का,

परीक्षा बरोबर घेतलीस. पण निकाल चुकीचा लावलास. "घरात दोष नाही" असं नाही. "मी लावलेल्या बटणांत दोष नाही", एवढंच. जे सकाळी बंद होतं आणि संध्याकाळी चालू असतं असं काहीतरी आहे, ते तू मोजलेलंच नाहीस. वारा सुटल्यावर होतं म्हणतेस, म्हणजे हलणारी वायर. घराबाहेरची असणार.

काल सुट्टी होती. डोळे मिटून घराची सगळी वायर कागदावर काढली. कुठून शिरते, कुठं वळते, मधल्या खोलीत पट्टी कुठं तिरकी झालीय आणि आईने त्यावरून मला काय काय ऐकवलं होतं, सगळं आठवलं. दोन तास त्या घरात फिरलो. बाहेरची वायर एकच निघाली, फाटकावरच्या दिव्याची. मी दुसऱ्या पाळीहून यायचो म्हणून आईने लावून घेतलेली. तिचं बटण आण्णांच्या पलंगाच्या डोक्याशी आहे. पण ती वायर तर आण्णांनी मी निघालो त्या सकाळी पकडीने कापली. "पाणीपुरवठ्यातली कायमची नोकरी सोडून जातुयास, आता ह्यो दिवा कुणासाठी?" मी रिक्षात बॅग ठेवत होतो. तर कागदावर तिथं फुली मारली. आणखी काही सापडत नाही.

आता दुसरं. कंपनी मला ओमानला पाठवते म्हणते. नवा प्लांट, तीन वर्षं, मध्ये सुट्टी नाही. नाही म्हटलं तर इकडेच राहता येईल, किंवा पुण्याच्या ऑफिसकडून छतावरच्या सोलरची देखभाल, त्यात सोलापूरही येतं. एकतीस जानेवारीपर्यंत सांगायचंय.

गिरणी बंद पडली तेव्हा आण्णा घरी कसे बसून असायचे ते मला आठवतं. कायम नोकरी म्हणजे त्यांना काय होतं ते तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. पण कळलं हे सांगायला दारात उभं तरी राहता यायला हवं.

मी तुला एकच विचारतो. मी यावं असं आण्णांना वाटतं का? पाहिलेलं सांग.

यशपाल


सोलापूर
गुरुवार, २६ डिसेंबर

प्रिय यशपाल,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पाच वर्षांत आण्णांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलेलं नाही. पाहिलेलं सांग म्हणालास, ते हे आहे.

आता माझा एक प्रश्न. तो का विचारते ते विचारू नकोस. समज, कापलेली वायर कुणीतरी जोडली आहे. वायरमन नाही असा कुणीतरी. दोन्ही तारा एकाच जागी, अगदी शेजारी-शेजारी जोडल्या आहेत, काम फार सुबक आहे, वरून टेप आहे पण टेपेच्या आत, जोड सुटू नये म्हणून, सूत गुंडाळून गाठ मारली आहे. असा जोड आपल्या घरात होतं आहे तसं काही करू शकतो का?

पत्र लहान आहे. जास्त लिहिलं तर मी पाहिलेल्याच्या पुढे जाईन.

अक्का


सोलर पार्क
२ जानेवारी २०२५

अक्का,

करू शकतो. नक्की करतो. दोन तारांचे जोड कधी शेजारी-शेजारी द्यायचे नसतात, हे आम्हाला आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. एक जोड इथे, दुसरा वीतभर पुढे. म्हणजे टेप सुटली तरी उघडं तांबं उघड्या तांब्यासमोर येत नाही. शेजारी दिले की टेप उन्हाने सैल पडते, वारा वायर हलवतो आणि दोन्ही एकमेकींना लागतात. वारा नसेल त्या दिवशी काही होत नाही. बटण बंद असेल तर तिथं करंटच जात नाही, म्हणून तुझ्या परीक्षेत घर पास झालं.

विचारू नकोस म्हणालीस, नाही विचारत. पण त्या घरात कापलेली वायर एकच आहे.

सूत कसलं होतं, एवढं सांग.

आणि ते काहीही असो, तो जोड तसा ठेवू नकोस. पत्र्याच्या कडेला आहे तो. बोर्डात त्याचं बटण बंद ठेव, नाहीतर मेनमधून ती लाइन काढून टाक. यात थट्टा नाही.

यशपाल


सोलापूर
गुरुवार, ९ जानेवारी

प्रिय यशपाल,

सूत पांढरं होतं. दुपदरी, पिळाचं. गाठ बारीक होती आणि टोकं कातरलेली. तुला आठवत नसेल, तू लहान होतास, पण माझ्या परकराची नाडी तुटली की आण्णा अशीच गाठ मारून द्यायचे. बोट फिरवलं तरी लागायची नाही. वीस वर्षं गिरणीच्या रिंग खात्यात, सूत कातायच्या साच्यावर, तुटलेला धागाच जोडला त्यांनी. साच्यावरचे दोन धागे शेजारीच असतात, आणि शेजारी-शेजारीच जोडतात.

आता सगळं क्रमाने लिहिते. मागच्या पत्रात लपवलं, कारण मला ठरवता येत नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत मी गोजाबाईंकडे डबा परत द्यायला गेले. समोरच्या घरातल्या, तुला टोपणनावाने हाका मारायच्या त्याच. म्हणाल्या, "येतोय व्हय गं पोरगा?" मी म्हटलं, कोण पोरगा? तर म्हणाल्या, "कोण म्हंजी? तुमच्या फाटकावरचा दिवा लागतोय न्हवं रोज तिन्हीसांजेला. तुझी आय मनकर्णा हुती तवा लागायचा तसा. मी आमच्यांस्नी म्हणलं बी, यशपाल येणार दिसतोय. तू घरातली असून तुला ठावं न्हाय? तू काय पुस्तकातच ऱ्हातीस काय?"

 दुसऱ्या दिवशी आण्णा विहारात गेल्यावर इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद केले आणि स्टुलावर चढून पत्र्याच्या कडेची वायर बघितली. टेप एका बाजूने उकललेली होती. आत ते सूत. जोडाजवळ पत्र्यावर काळा डाग होता.

खाली उतरले तेव्हा माझे हात घाणेरडे झाले होते आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्या माणसाने एवढ्या वर्षांत एकच गोष्ट स्वतःपाशी ठेवली होती. मी भाकरीला मागे गेले की बटण दाबायचं, फाटकाकडे तोंड करून बसायचं, घर अंधारलं की मी टॉर्च शोधेपर्यंत बटण बंद करायचं आणि मग "गेली गं लाईट" म्हणायचं. मशीन त्यांच्यामुळे बंद पडतं, हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मला अजूनही सांगता येत नाही. तुला कळवलं असतं तर मी पुन्हा दोन वर्षांपूर्वीसारखं केलं असतं: त्यांच्या वतीने बोलले असते. त्यांना विचारलं असतं तर त्यांना उघडं पाडलं असतं. काहीच केलं नसतं तर पत्रा एक दिवस पेटला असता. आठवडाभर मी हे तिन्ही वहीत लिहीत राहिले आणि संध्याकाळी मुद्दाम पुढच्या खोलीतच भाजी निवडत बसले, म्हणजे त्यांना बटण दाबता येऊ नये. ते चुळबुळत होते. एकदा म्हणाले, "तुला मागं काय काम न्हाय व्हय?" मी म्हटलं, नाही. हे माझं वागणं मला आवडलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ठरवलं की तुझ्याबद्दल बोलायचं नाही, वायरबद्दल बोलायचं. चहा देताना म्हटलं, "आण्णा, फाटकाच्या वायरचा जोड सुटलाय. त्यानेच घर बंद पडतंय."

ते बशीत चहा ओतत होते. ओतून झाल्यावर म्हणाले, "कोण म्हणलं?"

"मी बघितलं."

"वर चढलीस? पडली असतीस म्हंजी."

"ती वायर तुम्ही कापली होती ना?"

"कापली व्हती."

"मग?"

"मग जोडली."

 त्यांनी बशी रिकामी केली, धोतराला हात पुसले. मग म्हणाले, "साच्यावर तुटल्याली तार तशीच सोडली की मुकादम बोलत व्हता. सवय हाय हाताला." आणि थोड्या वेळाने, "चांगली जोडली व्हती की. का सुटली?"

मी सांगितलं की विजेच्या तारा शेजारी-शेजारी जोडत नाहीत. त्यांना ते पटलं नाही. "दोन धागं शेजारी तुटल्यावर शेजारीच जोडणार. एक हितं आन एक तितं, आसं कुटं आसतंय?" मी म्हटलं, आयटीआयमध्ये असंच शिकवतात. हे मला कुणी सांगितलं ते मी बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण कप घेऊन मी उठले तेव्हा माझ्या पाठीकडे बघत म्हणाले:

"त्याला इचार. कसं जोडायचं ते."

एवढंच. नाव घेतलं नाही. ये म्हटलं नाही. "त्याला" म्हणाले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि उगाच कप धूत राहिले.

तर विचारते. कसं जोडायचं?

तुझी,
अक्का

ता. क. त्या बटणावर आता मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. आण्णांसमोर लावली. 


सोलर पार्क
१५ जानेवारी

प्रिय अक्का,

तुझं पत्र गाडीतच वाचलं. उतरायचं विसरलो, ड्रायव्हर मला परत गावात घेऊन निघाला होता.

आण्णांना वाचून दाखव:

आण्णा, सप्रेम जयभीम. आधी मेन बंद करायचा, इन्व्हर्टरही बंद करायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुना जोड कापून काढायचा. मग एक तार आखूड ठेवायची, दुसरी वीतभर लांब. समोरच्या बाजूला उलटं, आखुडासमोर लांब. म्हणजे दोन्ही जोड आपोआप एकमेकांपासून लांब पडतात. तारेवरचं प्लास्टिक दोन बोटं सोलायचं, तांबं एकमेकांवर पिळायचं, धागा पिळतात तसंच, त्यात तुम्हाला मी काय सांगणार. प्रत्येक जोडाला वेगळी टेप, ताणून, जोडाच्या अलीकडून पलीकडे. मग दोन्ही मिळून एक टेप. सूत नको. सूत ओल धरतं. वायर पत्र्याला लागू द्यायची नाही, खिळ्यावर अडकवायची. सगळं झाल्यावर इन्व्हर्टर चालू करायचा आणि मग दिव्याचं बटण. एकदाच. बंद पडलं तर पुन्हा दाबायचं नाही, दोष शोधायचा.

आण्णा, तुम्ही जोड सुबक दिला होता. अक्काने लिहिलंय.

इथपर्यंत वाच. पुढचं तुझ्यासाठी.

ओमानच्या कागदावर अजून सही केलेली नाही. कागद गादीखाली आहे. "त्याला" हा शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. पण त्या एका शब्दावर मी गाडीत बसणार नाही, अक्का. मागच्या वेळी फाटकापासून स्टँडपर्यंत चालत गेलो तेव्हा रस्त्यातली सगळी माणसं ओळखीची होती आणि प्रत्येकजण म्हणत होता, "आलास व्हय?" तो प्रश्न मला पुन्हा नको.

तू "ये" असं लिहू नकोस. जोड झाला का, दिवा टिकतो का, तेवढं कळव.

यशपाल


सोलापूर
बुधवार, २२ जानेवारी

प्रिय यशपाल,

जोड झालेला नाही. फाटक अंधारात आहे. घाबरू नकोस, पुढचं वाच.

तुझं पत्र रविवारी संध्याकाळी वाचून दाखवलं. पुढच्या खोलीत, दार उघडं ठेवून. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. "आखुडासमोर लांब" तिथं त्यांनी मला थांबवलं आणि दोन बोटं हवेत धरून, एक पुढे एक मागे करून बघितलं. "हां," म्हणाले. "आता कळलं." "तुम्ही जोड सुबक दिला होता" हे वाक्य मी वाचलं. ते म्हणाले, "परत वाच." मी सगळं पहिल्यापासून वाचायला लागले. "तसं न्हाय. शेवटचं."

मग मी विचारलं, तुम्ही जोडता का? मी स्टूल धरते. "माजं हात कापत्यात आता," म्हणाले. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही, परवाच त्यांनी चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली.

म्हणून सोमवारी सिद्धूला बोलावलं. तो पक्कड घेऊन आला, मी मेन बंद केला, त्याने जुना जोड कापून माझ्या हातात दिला. आता तारा सोलणार एवढ्यात आण्णा फाटकात येऊन उभे राहिले.

"उतर खाली."

"आजोबा, पाच मिनिटांचं काम हाय."

"आसंल. तुज्या हातचं न्हाय ते. च्या पिऊन जा."

सिद्धू माझ्याकडे बघायला लागला.  त्याने दोन्ही टोकांना टेप गुंडाळली, मेनमधून ती लाइन सोडवून ठेवली आणि चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, मशीन ठीक हाय बरं का. बदलू नका."

बटणाला चिकटपट्टी लावली तेव्हापासून इन्व्हर्टर एकदाही बंद पडलेला नाही. पण संध्याकाळ झाली की आण्णा अजून खुर्ची दाराशी घेतात. आता त्यांच्याजवळ दाबायला बटणही नाही. नुसते बसतात. मी भाकरी टाकून पुढे येते आणि पायरीवर बसते.  गोजाबाई समोरून हटकतात, "दिवा कुटं गेला?" आण्णा म्हणतात, "कामाला काढलाय."

आज सकाळी ते आंघोळ करून आले आणि मी कॉलेजला निघाले होते तेव्हा म्हणाले, "पत्र लिवतीस न्हवं?"

"लिहिते."

"मग लिव. टेप तिकडनं आणू नको म्हणावं. ती हितं मिळती, चांगली. वझं कशाला."

मी दाराच्या कडीला हात लावून उभी राहिले. "आणखी काय लिहू?"

"आणिक काय?" ते म्हणाले. "खिळा जुनाच चालंल का, इचार."

हे त्यांचे शब्द आहेत. मी एकही घातलेला नाही, एकही काढलेला नाही. तीनदा वाचून बघितलं. "वाटतं" कुठे आलेलं नाही.

आता खाली जे लिहिते ते आण्णांचं नाही. तू "ये" लिहू नकोस म्हणालास, ते मी त्यांच्या वतीने लिहीत नाही. माझ्या वतीने लिहिते. मी सासर सोडून केमहून परत आले तेव्हा तू नववीत होतास आणि या घरात मला एक तूच काही न विचारणारा होतास. या पाच वर्षांत मी तुला किती पत्रं लिहिली, त्यातलं एकही "मला तुझी आठवण येते" असं म्हणालं नाही, कारण मला वाटायचं की यावंस की न यावंस हा तुझा आणि आण्णांचा प्रश्न आहे, त्यात माझं मोजायचं नसतं. हे चुकीचं मोजलं होतं. फाटकावर दिवा लागायचा तेव्हा मागच्या खोलीत मीही असायचे.

ये.

हे पाकीट उद्या सकाळी स्पीडपोस्टने जाईल, एकतीसच्या आत तुझ्या हातात पडेल. खिळा मी बघितला. गंजला आहे, पण घट्ट आहे.

तुझी,
अक्का

(अक्काच्या वहीत) उद्या: कॉलेजहून येताना काळी टेप घेणे. चांगली. दोन जोडांना पुरेल एवढी.